साइट गूगलवर सापडत नाही? तपासणी या क्रमाने करा

‘आमची साइट गूगलवर येत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस माझ्याकडे येतो, तोवर बहुतेकदा त्याचे कुणाला तरी पैसे देऊन झालेले असतात. कुणी ट्रेकवर लिहिणारा असतो, कुणी हापूसच्या पेट्या पाठवणारे बागायतदार काका, कुणी घरून दिवाळीचा फराळ विकणारी ताई. तक्रारीचं वाक्य एकच, पण त्यामागे तीन निरनिराळे बिघाड असू शकतात. साइट गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे त्याने नोंदवून ठेवलेल्या पानांच्या यादीत, शिरलेलीच नाही, हा पहिला. शिरली आहे पण मागच्या पानांवर पडून आहे, हा दुसरा. पुढे होती आणि अचानक गेली, हा तिसरा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. इंडेक्समध्येच नसलेल्या साइटसाठी बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) विकत घेणारे लोक मी नेहमी बघते, आणि तिथे खरं काम असतं एक टिक काढण्याचं.

खालचा क्रम फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि वेळखाऊ, खर्चिक गोष्टींकडे जातो. मधलं काही गाळू नका, कारण पुढच्या तपासणीचा अर्थ आधीच्या उत्तरावर ठरतो.

लक्षणं

दुकानाचं किंवा स्वतःचं पूर्ण नाव टाकूनही साइट येत नाही: इंडेक्सचा प्रश्न. तपासणी १ ते ४.

नावाने येते, कामाने येत नाही. म्हणजे ‘अमुक आंबेवाले’ टाकलं की येते, पण ‘देवगड हापूस घरपोच’ टाकलं की पत्ता नाही. तपासणी ४ ते ९.

निकालात साइट आहे, पण खाली वर्णनाच्या जागी ‘या पानाची माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ आहे. तपासणी ३.

आधी भरपूर लोक यायचे, एका आठवड्यात निम्मे झाले. तपासणी १ आणि २ करून थेट १०.

निकालात तुमच्या डोमेनखाली जपानी अक्षरं किंवा ब्रँडेड घड्याळं, बूट, औषधांची पानं दिसतात. बाकी सगळं सोडा, तपासणी १० चा शेवटचा भाग वाचा आणि आजच माणूस बोलवा.

‘माझ्या फोनवर पहिला नंबर येतो, पुतण्याच्या फोनवर येत नाही’ हा बिघाडच नाही. गूगल निकाल ठिकाणाप्रमाणे बदलतं, शिवाय तुम्ही रोज ज्या साइटवर जाता ती तुम्हाला वर दिसू शकते. इन्कॉग्निटो विंडो उघडली तरी तुम्ही कुठे बसला आहात हे गूगलला साधारण कळतंच. स्वतःच्या फोनवर स्वतःला शोधून नंबर ठरवण्याची सवय सोडा. नंबर बघायची जागा म्हणजे तपासणी २ मधलं सर्च कन्सोल.

तपासणी १: साइट इंडेक्समध्ये आहे का?

गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द (एस, आय, टी, ई), लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन लिहा. एंटर.

एकही निकाल आला नाही तर बहुधा साइट इंडेक्समध्ये नाही. तपासणी २ आणि ३ करा, उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता मोठी. निकाल आले तर ते नजरेखालून घाला: पानं तुमचीच आहेत ना, शीर्षकं मराठीत नीट दिसतात ना, वर्डप्रेसबरोबर (साइट बनवण्याचं साधन) आलेलं ‘हॅलो वर्ल्ड’सारखं नमुन्याचं पान अजून पडून आहे का. तिथला पानांचा आकडा मात्र अंदाजे असतो, तो कमी झाला म्हणून घाबरू नका.

तपासणी २: सर्च कन्सोल

गूगलचं हे साधन फुकट आहे. २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत. जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेनची तांत्रिक नोंद असते ती जागा) एक ओळ टाकून, किंवा वर्डप्रेस असेल तर प्लगइनमधून (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम), साइट तुमची असल्याचं सिद्ध करता येतं. ज्यांची साइट आज ठणठणीत आहे त्यांनीही ते जोडून ठेवावं. आकडे साधारण जोडल्यापासून जमायला लागतात आणि १६ महिने राहतात. साइट पडल्यावर जोडलं तर आधी काय होतं हे बघायला काही उरत नाही.

आत गेल्यावर वरच्या चौकटीत तुमच्या एखाद्या पानाचा पत्ता टाका. यूआरएल इन्स्पेक्शन म्हणतात ते हेच. उत्तर साधारण चारपैकी एक येतं.

पान गूगलवर आहे. मग प्रश्न क्रमांकाचा आहे, तपासणी ४ कडे जा.

‘नोइंडेक्स’मुळे (हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका, अशी सूचना) वगळलं, किंवा रोबोट्स फाइलने (काय वाचू नये ते सर्च इंजिनांना सांगणारी फाइल) अडवलं. तपासणी ३.

‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’. पत्ता गूगलला माहीत आहे, अजून तिथे गेलेलं नाही. साइट नवी असेल तर थांबा. जुनी असेल तर त्या पानाला साइटमधल्या दुसऱ्या कुठल्याही पानावरून लिंक आहे का ते बघा.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’. गूगल आलं, वाचलं आणि न घेता परत गेलं. हा निवाडा बहुधा मजकुराविषयी असतो. तपासणी ४, ७ आणि ८.

‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण एकदा दाबलं की पुरे. रोज सकाळी दाबल्याने रांगेत नंबर वर सरकत नाही, हे गूगलने स्वतःच सांगून ठेवलंय.

तपासणी ३: आपणच दार लावून घेतलंय का?

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग. अगदी खाली सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा एक चौकोन आहे. त्यात टिक असेल तर ती काढा आणि सेव्ह करा. साइट बनवणारा मुलगा काम चालू असताना ही टिक मुद्दाम करतो, आणि बरोबरच करतो, कारण अर्धवट साइट गूगलवर जायला नको असते. साइट सुरू होते, पेढे वाटले जातात, टिक तशीच राहते. डॅशबोर्डवर ‘सर्च इंजिन्स डिस्करेज्ड’ अशी बारीक ओळ दिसत असते, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली सर्च इंजिनांना ब्लॉग दिसू देण्याचा पर्याय चालू आहे का ते बघावं. त्याच पानावर खाली ‘कस्टम रोबोट्स’ची दोन-तीन खाती असतात. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून तिथे काही चिकटवलं असेल तर ते बंद करा. साध्या ब्लॉगला त्याची गरज नसते.

मग तुमच्या डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ हा पत्ता इंग्रजीत उघडा. त्यात ‘यूजर-एजंट’पुढे तारा आणि खाली ‘डिसअलाउ’पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर अख्ख्या साइटला मनाई आहे.

इथे एक गुंता नेहमी होतो. रोबोट्स फाइल गूगलला पान वाचू देत नाही. नोइंडेक्सची सूचना तर पानाच्या आत असते. दोन्ही एकदम लावले तर गूगलला आतली सूचना दिसतच नाही, आणि कुठून तरी लिंक असेल तर पान वर्णनाशिवाय निकालात येऊ शकतं. लक्षणांत सांगितलेली ‘माहिती उपलब्ध नाही’ची ओळ येते ती यातूनच. पान हवं असेल तर दोन्ही काढा. नको असेल तर फक्त नोइंडेक्स ठेवा.

तपासणी ४: मजकूर खरंच मजकूर आहे का?

मराठी साइटवर माझा सर्वात जास्त वेळ इथे जातो. इंग्रजीतल्या याद्यांमध्ये हा बिघाड सहसा दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आंबेवाल्यांच्या साइटचं पहिलं पान घ्या. वर मोठं पोस्टर: ‘अस्सल देवगड हापूस’, डझनाचा भाव, पाच डझनांची पेटी, कुठे कुठे घरपोच मिळेल त्या शहरांची यादी, फोन नंबर. डिझायनरने व्हॉट्सअॅपसाठी केलेला एकच फोटो, तोच साइटवर चढवलेला. फोटोच्या वर ‘होम, अबाउट, कॉन्टॅक्ट’ आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’. आता त्या पानावरचा फोटो मनातून काढा. उरलेले शब्द वाचा. ‘हापूस’ एकदाही येत नाही, ‘देवगड’ येत नाही, शहरं येत नाहीत. फोटोतली अक्षरं गूगलला थोडीफार उमगतात, पण त्या भरवशावर पान वर येत नाही. पोस्टर ठेवा, छान दिसतं. त्याच्याखाली तोच मजकूर टाइप करा: आंबा कुठल्या बागेतला, गवताच्या अढीत पिकवलेला की कसा, पेटी कधीपासून निघते, पुण्याला किती दिवसांत पोचते. फोटोच्या ‘ऑल्ट’ मजकुरातही (फोटोत काय आहे ते सांगायची जागा) एक सरळ वाक्य लिहा.

चाचणी सोपी आहे. फोनवर पान उघडा, मजकुरावर बोट दाबून ठेवा, निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा. निवडताच आला नाही तर तो फोटो आहे. निवडला गेला पण व्हॉट्सअॅपवर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं उमटली, तर दुसरा बिघाड आहे: जुने फाँट.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या घराण्यातल्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्हच असतं. डोळ्यांना मराठी, गूगलला कचरा. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीची संगणकाची समाईक अक्षरव्यवस्था) आहे, तरी छपाईच्या जगात जुने फाँट पुष्कळ वर्षं टिकले. त्यामुळे लेखकांकडे डीटीपीवाल्याकडून परत आलेली पुस्तकाची फाइल याच अवस्थेत असते. तिची पीडीएफ साइटवर चढवून ‘माझा कथासंग्रह गूगलवर का सापडत नाही’ असा प्रश्न येतो. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, बरेच फुकट आहेत. पण रूपांतरानंतर वाचून बघणं टाळू नका. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते; रफाराचं याच्या उलट. म्हणून चुका नेमक्या ‘ि’, ‘र्’ आणि ‘ऱ्या’च्या आसपास सापडतात. ‘दर्यासारंग’, ‘किर्तिमान’, ‘वार्‍यावर’ असे शब्द शोधून तपासा, तिथे बरोबर असेल तर बाकी बहुधा ठीक असतं. (‘कीर्तिमान’मध्ये पहिली दीर्घ हवी, हे मूळ लेखकाचंच असेल तर कन्व्हर्टरचा दोष नाही.)

लेख फक्त पीडीएफमध्ये असतील तर निदान प्रत्येकाचं वेगळं पान करा, त्यात पूर्ण मजकूर टाका आणि पीडीएफ खाली जोडा. फोनवर पीडीएफ बोटांनी मोठी करत कुणी वाचत बसत नाही.

तपासणी ५: शीर्षक आणि लोकांच्या तोंडचे शब्द

ब्राउझरच्या टॅबवर तुमच्या पानाचं काय नाव दिसतं? ‘होम’ किंवा ‘मुख्यपृष्ठ’ दिसत असेल तर आज एवढंच दुरुस्त करा. निकालात निळ्या अक्षरांत सहसा हेच येतं. गूगल कधी कधी ते स्वतः बदलतं, पण पानाला धड शीर्षकच नसेल तर गूगल तरी कुठून आणणार?

लेखकांची अडचण वेगळी. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर उत्तम लेख, आणि शीर्षक ‘पुन्हा एकदा आभाळाकडे’. ते शीर्षक लेखात ठेवा, मला आवडलं. पण पानाचं शीर्षक ‘हरिश्चंद्रगड नळीची वाट: मार्ग, वेळ आणि पाण्याची ठिकाणं’ असं करता येतं. वर्डप्रेसच्या एसइओ (शोधात पुढे येण्यासाठीच्या) प्लगइनमध्ये दोन्हींसाठी वेगळी जागा असते. शोधणाऱ्याला तुमचं आभाळ अजून ठाऊक नाही, त्याला वाट हवी आहे.

लोक कसं शोधतात हे तर्काने ठरवू नका. सर्च कन्सोलमध्ये ‘क्वेरीज’ची यादी उघडा. तिथे ‘उकडीचे मोदक’ देवनागरीत असेल, रोमन लिपीत असेल, तीन वेगळ्या स्पेलिंगने असेल, आणि पुढे ‘नियर मी’ लागलेलं असेल. मराठी माणूस मराठी बोलतो पण पुष्कळदा रोमनमध्ये टाइप करतो, आणि आता बोलूनही शोधतो. पानावर मराठी मजकुराबरोबर इंग्रजीत दोन-तीन स्वाभाविक ओळी असू द्या: काय मिळतं, कुठे मिळतं. तळाला पंचवीस गावांची नावं स्वल्पविराम देऊन ओतणं मात्र थांबवा. त्याने फायदा तर नाहीच, स्पॅम ठरण्याची भीती आहे. आणि ‘मेटा कीवर्ड्स’चा रकाना भरायचे कुणी पैसे मागत असेल तर हसून नाही म्हणा, क्रम ठरवायला तो आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

जाता जाता पत्त्याविषयी. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी पत्ता बनवतो. गूगलला तो चालतो. पण आतून प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात, आणि वर्डप्रेसमध्ये त्या जागेची मर्यादा २०० चिन्हांची आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हांत पत्ता कापला जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकचं टक्क्यांच्या खुणांनी भरलेलं शेपूट दिसतं ते यामुळे. नव्या लेखांना छोटे रोमन पत्ते द्या. जुन्यांचे मात्र बदलू नका, चालू लिंका तुटतात.

तपासणी ६: दुकान असेल तर नकाशावरची नोंद

ज्याचं गिऱ्हाईक त्याच गावातलं आहे, त्याला साइटपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल जास्त कामाचं. हे २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस या नावाने चालायचं, फुकट आहे. जवळपासच्या निकालांसाठी तीन गोष्टी बघतो असं गूगल सांगतं: नोंद शोधाशी किती जुळते, शोधणारा किती लांब आहे, आणि ठिकाण किती नावाजलेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही. पहिलं पूर्ण हातात आहे: मुख्य प्रकार नेमका निवडा, ‘दुकान’ नको, ‘मिठाईचं दुकान’ हवं. वेळा भरा. गणपतीत आणि दिवाळीत बदलणाऱ्या वेळाही भरा.

नाव तेच लिहा जे पाटीवर आहे. ‘स्वस्त उत्तम घरपोच फराळ पुणे’ अशी भर नावात घातली की काही दिवस पुढे आल्यासारखं वाटतं, मग कुणी तक्रार केली की नोंद निलंबित होते आणि सोडवायला आठवडे जातात. घरून धंदा करणाऱ्या ताईंनी पत्ता लपवून सेवा देण्याचा परिसर टाकावा, ती सोय आहे. प्रतिक्रिया खऱ्या गिऱ्हाइकांकडूनच मागा. भाचे-पुतण्यांनी एका दुपारी दिलेले पाच तारे ओळखू येतात, गूगललाही आणि गिऱ्हाइकालाही.

एक जुनी गोष्ट अजून पुष्कळांच्या लक्षात आलेली नाही. या प्रोफाइलमधूनच बनवलेल्या, ‘बिझनेस डॉट साइट’ने संपणाऱ्या फुकट साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. त्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवणं १० जून २०२४ पर्यंतच चालू होतं. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर, पिशव्यांवर तो पत्ता छापलेला असेल तर तिथे आता काहीच उघडत नाही.

तपासणी ७: एकच मजकूर दोन ठिकाणी

डोमेन चार तऱ्हांनी उघडून बघा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. चारही एकाच पत्त्यावर येऊन थांबले पाहिजेत. तसं होत नसेल तर होस्टिंगवाल्याला (साइट ज्याच्या सर्व्हरवर आहे तो) ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं वळवणं, लावायला सांगा.

जुना ब्लॉगस्पॉट आणि नवं डोमेन दोन्हीकडे तेच लेख असतील तर गूगल एकच दाखवतं, आणि ते सहसा जुनं असतं. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये नवं डोमेन जोडता येतं. वर्डप्रेसवर गेला असाल तर जुन्या लेखांकडून नव्याकडे वळवण्याची व्यवस्था करून घ्या. तोच लेख मोठ्या साहित्यविषयक साइटवर किंवा वृत्तपत्राच्या पोर्टलवर दिला असेल तर ती साइट तुमच्या पुढे येणार, त्यावर चिडून उपयोग नाही. तिथे लेखाचा वेगळा, छोटा अवतार द्या आणि पूर्ण लेखाची लिंक मागून घ्या.

तपासणी ८: गूगलने वाचून सोडून दिलेली पानं

सर्च कन्सोलच्या ‘पेजेस’ अहवालात ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ची यादी काढा. लेखकांच्या साइटवर तिथे बहुधा टॅगची पानं, चारोळ्या, ‘शुभ सकाळ’चे संदेश सापडतात. धंद्याच्या साइटवर तीच पाच वाक्यं गावाचं नाव बदलून केलेली वीस पानं असतात. चारोळ्या एकत्र करून एक पान करा. गावांची वीस पानं काढून एकच चांगलं लिहा, त्यात कुठल्या गावाला कोणत्या वाराला गाडी जाते ते द्या. ही माहिती तुमच्याशिवाय कुणाकडे नाही, आणि गूगलला दुसरीकडे न मिळणारं तेवढंच हवं असतं. नव्या पानाला पहिल्या पानावरून आणि जुन्या चांगल्या लेखातून लिंक द्या. कुठूनच लिंक नसलेलं पान वाचकाला सापडत नाही तसं गूगललाही उशिरा सापडतं.

तपासणी ९: फोनवर उघडायला किती वेळ?

गूगल आता साइटची मोबाइल आवृत्तीच मोजतं. कॉम्प्युटरवर दिसणारा पण फोनवर गाळलेला मजकूर हिशेबात येत नाही, एवढं आधी बघा. मग ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या गूगलच्या वेग मोजायच्या साधनात पत्ता टाका. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, पान उड्या मारू नये (तो आकडा ०.१ च्या आत). बहुतेक वेळा दोषी असतो कॅमेऱ्यातून आलेला तसाच चढवलेला फोटो. तो लहान करा. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या नादी लागू नका. साठाचे नव्वद झाले म्हणून कुणाच्या पेट्या जास्त गेल्या असं मी पाहिलेलं नाही.

तपासणी १०: अचानक पडझड

आधी तारीख शोधा. सर्च कन्सोलमध्ये आलेख नेमका कधी खाली आला? त्या आठवड्यात थीम बदलली, होस्टिंग बदललं, पत्ते बदलले का? मग गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा. जूनमध्ये आंब्याचा आलेख पडतो त्याला पाऊस कारणीभूत आहे. दिवाळी तर कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात, त्यामुळे महिन्याला महिना लावूनही फसायला होतं. सणाला सण लावा.

पुढे गूगलच्या ‘सर्च स्टेटस डॅशबोर्ड’वर त्या तारखेला कोअर अपडेट (क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) चालू होतं का ते पाहा. मार्च २०२४ चं अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपलं, ४५ दिवस. अशा काळात क्रम खालीवर होतात, आणि रोज काहीतरी बदलत बसलं तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. अपडेट संपू द्या.

साइट किती वेळा दिसली तो आकडा तसाच आणि क्लिक मात्र कमी, असं असेल तर क्रमांक टिकलेला असू शकतो. भारतात ऑगस्ट २०२४ पासून गूगल काही शोधांवर वरच एआयचं उत्तर देतं. ‘मोदकाची उकड कशी काढावी’ला तिथेच उत्तर मिळालं तर लोक आत येत नाहीत. ‘मोदक कुठे मिळतील’ला अजून येतात. त्या पानांवर मेहनत करा.

शेवटी सर्च कन्सोलमधले ‘मॅन्युअल अॅक्शन्स’ (नियम मोडल्याबद्दल गूगलने केलेली कारवाई) आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ उघडा. दोन्हीकडे काही नसावं. साइट हॅक झाली असेल तर मालकाला पुष्कळदा काहीच दिसत नाही. ‘ताई, साइट तर मस्त उघडतेय की!’ हे वाक्य मी हमखास ऐकते. हॅकरने रचना अशी केलेली असते की तुम्हाला तुमचं पान दिसतं आणि गूगलला जपानी भाषेतल्या मालाची हजारो पानं. तपासणी १ मधला शोध पुन्हा करा, किंवा यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबून गूगलला काय दिसतं ते बघा.

इथे थांबा आणि जाणकार बोलवा

हॅक झालेली साइट स्वतः साफ करू नका. दिसणारी पानं पुसली तरी मागचं दार फाइलींत राहतं आणि आठवड्यात सगळं परत येतं. मॅन्युअल अॅक्शन आली असेल, सर्व्हर वारंवार ५०० चे दोष (सर्व्हरच्या आतल्या बिघाडाची खूण) देत असेल, शेकडो पानांची साइट नव्या डोमेनवर न्यायची असेल, किंवा ‘व्ह्यू सोर्स’मध्ये (पानामागचा कोड) मजकूरच न दिसता नुसती जावास्क्रिप्ट दिसत असेल, तरीही माणूस लागतो. यातलं काही नाही, दहाही तपासण्या झाल्या, काही महिने वाट पाहिली आणि तरी हालचाल नाही, तेव्हाही बोलवा. काही बदलांचा परिणाम तासांत दिसतो, काहींना महिने लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात निराश होऊ नका.

येणाऱ्याने पहिल्या नंबरची हमी दिली तर चहा पाजून परत पाठवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलने आपल्या माहितीपानावर लिहून ठेवलंय. ‘पाचशे बॅकलिंक’चं पॅकेजही नको. तसल्या लिंकांना आळा घालायला गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं, तरी तो माल आजही विकला जातो. काय तपासलं, काय बदललं, का बदललं हे मराठीत लिहून देईल असा माणूस बघा.

काम सुरू होण्याआधी डोमेन तुमच्या ईमेलवर नोंदलेलं आहे का ते बघा. साइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर ते आधी बदलून घ्या, नाहीतर भांडण झालं की साइट त्याच्याकडे राहते. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलमध्ये त्याला वापरकर्ता म्हणून जोडा, मालक म्हणून नाही. पासवर्ड देऊ नका, दोन्हीकडे दुसऱ्याच्या ईमेलला प्रवेश देण्याची सोय आहे. आणि त्याने काही हलवायच्या आत साइटचा पूर्ण बॅकअप तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या.